देश तसा वेश, पण ताट कुणाचं?



नोव्हेंबर लागला की आपल्या मंडळात एक विषय हमखास निघतो. मुलगा-सून अमेरिकेत, थँक्सगिव्हिंगची सुट्टी, ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरी जेवणाचं आमंत्रण आणि टेबलाच्या मध्यभागी भाजलेली टर्की. मग एक जण म्हणते, "देश तसा वेश. त्यांची परंपराच आहे ती. एक दिवस नातवंडांनी खाल्लं तर काय बिघडतं?" दुसरी म्हणते, "मग जायचंच कशाला? तो सण आपला नव्हेच." मला दोघींचंही पटत नाही. का पटत नाही, ते आज सविस्तर लिहिते.

आधी या "परंपरे"कडेच बघू. १६२१ साली प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी पीक हाती आल्यावर तीन दिवस मेजवानी केली. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट आणि त्याची नव्वदेक माणसं पंगतीला होती. वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोने त्याबद्दल पत्र लिहून ठेवलं आहे. त्यात शिकार करून आणलेल्या पक्ष्यांचा आणि पाच हरणांचा उल्लेख आहे, टर्कीचं नाव नाही. जेवण शाकाहारी होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण आभार कशाचे मानले, तेही त्याच पत्रात आहे. इंग्लंडहून आणलेला वाटाणा वाया गेला होता. पिकला तो मका, आणि तो कसा पेरायचा हे स्थानिक लोकांनीच शिकवलं होतं. म्हणजे या सणाच्या मुळाशी आहे तो मका!

टर्कीला मानाचं पान मिळालं ते पुढे एकोणिसाव्या शतकात. सारा जोसेफा हेल या बाईंनी १८२७ च्या आपल्या कादंबरीत थँक्सगिव्हिंगचं जेवण रंगवलं आणि टर्की टेबलाच्या अग्रभागी मांडली. पुढे मासिकाच्या संपादक म्हणून त्यांनी राष्ट्रीय सणाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी तशी घोषणा केली.

मी कॉमर्सची, त्यामुळे पुढचा हिशेब मला जास्त बोलका वाटतो. १९३९ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा सण एक आठवडा अलीकडे ओढला. कारण काय, तर दुकानदारांना ख्रिसमसच्या विक्रीसाठी जास्त दिवस मिळावेत! लोक चिडले, कित्येक राज्यांनी जुनीच तारीख पाळली आणि शेवटी १९४१ मध्ये कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरला. या जेवणातला फरसबीचा प्रसिद्ध पदार्थ, ग्रीन बीन कॅसरोल, १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मला, तोही कंपनीचंच मशरूम सूप घालून. दुकानासाठी तारीख सरकते, सुपाच्या डब्यासाठी नवा पदार्थ पानात येतो, तेव्हा कुणी परंपरा मोडली म्हणत नाही. जीवदयेसाठी एक पदार्थ नको म्हटला की मात्र परंपरा मोडते?

आणि आभार मानायचा मक्ता एकट्या अमेरिकेकडे नाही. जर्मनीत शरद ऋतूत एर्न्टेडांकफेस्ट असतो. चर्चच्या वेदीपुढे धान्य, फळं, भाज्या आणि पाव मांडतात. जपानमध्ये २३ नोव्हेंबरला श्रमांचे आभार मानायची सुट्टी असते. १९४८ पासून ती या नावाने आहे, पण तिचं मूळ नव्या तांदळाच्या जुन्या विधीत आहे. सम्राट आजही नवा तांदूळ देवाला अर्पण करतो. कोरियात चुसॉकला तांदळाच्या पिठीच्या पारीत तीळ किंवा कडधान्याचं सारण भरून पाइनच्या पानांवर वाफवतात. आपल्या उकडीच्या मोदकाची आठवण यावी असा तो सोंगप्यॉन. या देशांत मांस खात नाहीत असं नाही. पण तिथल्या सणाचं मूळ नव्या पिकात आहे, एका पक्ष्यात नाही.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. दरवर्षी व्हाइट हाउसमध्ये टर्कीला "माफी" देण्याचा सोहळा होतो. १९८९ पासून ही रीतच पडली आहे. अध्यक्ष हसत हसत एक-दोन पक्ष्यांना जीवदान देतात, फोटो निघतात. आणि त्या सणाला साधारण ४ कोटी ६० लाख टर्की खाल्ल्या जातात, असा तिथल्या टर्की उत्पादकांच्या संघटनेचाच अंदाज आहे. त्या पक्ष्याचा गुन्हा तरी काय, की त्याला माफी द्यावी? आपण क्षमावाणीच्या दिवशी जीवमात्राची क्षमा मागतो. क्षमा मागायची असते ती आपण, त्या मुक्या जीवाने नाही. नातवंडांना हा फरक नीट समजावून सांगा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तो बरोबर कळतो.

"जायचंच नाही" म्हणणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. कुणी आपुलकीने घरी बोलावतं, त्याला पाठ दाखवणं हा धर्म नव्हे. जावं, पण आधी फोन करून स्पष्ट सांगावं. अमेरिकन माणसाला स्पष्ट बोललेलं आवडतं. रताळ्याच्या पदार्थावर मार्शमॅलो असतात, त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा अंश. शिवाय रताळं कंदमूळ. पावाच्या स्टफिंगमध्ये बहुधा कोंबडीचं सूप, भोपळ्याच्या पायमध्ये अंडं. हे माहीत हवं. उरतं काय? मका, फरसबी, लाल भोपळा, क्रॅनबेरीची चटणी. यातलं बरंचसं त्याच मातीतलं, वाम्पानोआग लोकांच्या शेता-रानातलं. भोपळ्याच्या घाऱ्या आणि मक्याची उसळ घेऊन जा, पातेलं रिकामं परत येतं की नाही बघा. आणि बऱ्याच घरी हे जेवण दुपारीच असतं, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांचीही सोय होते. फक्त न्यू जर्सीत तेव्हा साडेचारलाच सूर्य मावळतो, एवढं ध्यानात ठेवा.

सोयाबीनची नकली टर्की मात्र मला बघवत नाही. जो आकार टाळायचा, तोच मुलांच्या पानात का वाढायचा? उद्या मूल म्हणेल, हे चालतं तर खरंच का नको? आपल्या स्वयंपाकात काही कमी आहे म्हणून हे सोंग आणतो, असाच संदेश त्याला जातो.

आणि सासवांनो, शेवटचं तुम्हाला. फोनवर दरडावून विचारलं की सुना लपवायला शिकतात आणि नातवंडं लाजायला. यंदाच्या गुरुवारी "काय खाल्लंस?" असं विचारू नका. "काय करून नेलंस?" असं विचारा, आणि हवी तर घाऱ्यांची कृती सांगा.