‘मला शिकायचे आहे’ याचे इंग्रजी

इंग्रजीतील लांबलचक शब्दांची आपल्या घरांतून जेवढी धास्ती असते तेवढी लहान शब्दांची नसते. वस्तुतः मुलांचा घात बहुधा ‘टु’, ‘हॅव’, ‘हिज’ अशा दोन-चार अक्षरी शब्दांकडूनच होतो. यास्तव या महिन्यात त्यांचाच विचार करू.

आमच्या विष्णुपुरीत १९८१ सालापासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही येथेच असून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही या बाजूस आले आहे. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर या भागांतून दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलेमुली येथे येतात. बुद्धीने ती कोणास हार जाणारी नाहीत. परंतु इंग्रजीत चार वाक्ये बोलावयाची म्हटली की त्यांच्या तोंडचे पाणी पळते. अशीच एक विद्यार्थिनी मुलाखतीस जाण्यापूर्वी आपली उत्तरे आम्हांस दाखविण्यास आली होती. पहिलेच वाक्य होते, ‘आय हॅव टु स्टडी फर्दर.’ तिच्या मनात होते, ‘मला पुढे शिकायचे आहे.’ ऐकणारास मात्र त्यातून कळणार होते की, हिला शिकणे भाग पडले आहे, कोणीतरी बळेच शिकवीत आहे. मुलीची सारी हौस त्या एका ‘हॅव टु’ने सक्तीत बदलून टाकली होती. तिने म्हणावयास हवे होते, ‘आय वॉन्ट टु स्टडी फर्दर.’

हा घोटाळा मुलीच्या अज्ञानाचा नाही. तो आपल्या ‘-यचे आहे’ या रचनेच्या श्रीमंतीचा आहे. ‘मला काशीला जायचे आहे’ यात इच्छा आहे. ‘मला उद्या कोर्टात जायचे आहे’ यात बांधीलकी आहे. ‘आपल्याला पाचच्या गाडीने जायचे आहे’ यात केवळ ठरलेला बेत आहे. मराठी माणूस प्रसंगावरून अर्थ ओळखतो. इंग्रजीत तिन्हींची घरे निराळी: पहिल्यास ‘वॉन्ट टु गो’, दुसऱ्यास ‘हॅव टु गो’, तिसऱ्यास ‘वी आर टु गो’. म्हणून मुलास इंग्रजी विचारण्यापूर्वी आधी मराठीतच विचारावे, ‘हौसेने, की नाइलाजाने, की ठरले म्हणून?’ उत्तर मिळाले की इंग्रजी अर्धे झालेच.

येथे संस्कृत जाणणाऱ्यास एक गंमत दिसेल. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. ‘मजजवळ लिहावयाचे एक पत्र आहे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यातील शब्दांची जागा कालांतराने बदलली आणि ‘पत्र लिहिणे मला भाग आहे’ असा अर्थ रूढ झाला. मालकीतून कर्तव्य निघाले! आपल्याकडे तरी काय निराळे घडले? ‘जावयाचे’ या रूपात ‘जावे’चे सामान्यरूप ‘जावया’ आहे व त्यास ‘चे’ हा षष्ठीचा प्रत्यय लागला आहे. त्यातील ‘-आवे’ हा संस्कृतातील ‘तव्य’ प्रत्ययापासून आला, असे व्याकरणकार सांगतात. आणि ‘तव्य’सारखे कृत्य प्रत्यय असता कर्त्याची षष्ठी विकल्पाने होते, हे पाणिनीने सांगूनच ठेवले आहे: ‘मया गन्तव्यम्’ म्हणा, नाही तर ‘मम गन्तव्यम्’ म्हणा. ‘माझे कर्तव्य’ असे आपण रोज म्हणतो ते उगीच नव्हे. एवढे सांगितले की ‘हॅव टु’ मुलांस परका वाटत नाही, असा आमचा अनुभव आहे. उच्चाराची एक खूणही सांगून ठेवावी. मालकीचा ‘हॅव’ स्वच्छ ‘हॅव’ असतो. कर्तव्याचा मात्र इंग्रजाच्या तोंडी ‘हॅफ्टु’ असा होतो.

आता दुसऱ्याच्या इच्छेचे वाक्य घ्या. ‘तुम्ही यावे अशी माझी इच्छा आहे’ याचे भाषांतर मुले ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ असे करतात. याचेही मूळ आपल्या वळणात आहे. इच्छार्थक धातूबरोबर ‘तुमुन्’ यावयाचा तर दोन्ही क्रियांचा कर्ता एकच पाहिजे, असा पाणिनीचा दंडक आहे. ‘गन्तुम् इच्छामि’ यात जाणारा मीच व इच्छिणाराही मीच. कर्ता बदलला की संस्कृतात विध्यर्थ येतो, ‘इच्छामि भवान् गच्छेत्’, आणि मराठीनेही ‘आपण जावे’ असा तोच मार्ग धरला. इंग्रजीस हा निर्बंध मान्य नाही. ती दुसऱ्या कर्त्यास मध्ये बसवून सरळ ‘आय वॉन्ट यू टु कम’ म्हणते. वडीलधाऱ्यांशी बोलताना मात्र हा ‘वॉन्ट’ कानास टोचतो. ‘मला रजा पाहिजे’ हे मराठीत चालून जाते. ‘आय वॉन्ट लीव्ह’ हे प्राचार्यांपुढे चालत नाही. तेथे ‘आय वुड लाइक टु टेक लीव्ह’ म्हणावे. आपण ‘तुम्ही’, ‘आपण’ यांत आदर ठेवतो. इंग्रजीत एकच ‘यू’ असल्यामुळे आदराची सोय क्रियापदाकडे करावी लागली आहे.

‘टु’ आणि ‘इंग’ यांचा भेद पुष्कळांस केवळ शाळेतील गुणांपुरता वाटतो. तो तसा नाही. समजा, घरातील आजोबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि सूनबाई परगावच्या डॉक्टरांना फोनवर इंग्रजीत हकीकत सांगत आहेत. ‘ही डिड नॉट रिमेंबर टु टेक द टॅब्लेट’ म्हणजे गोळी घ्यावयाची आठवण राहिली नाही. गोळी पोटात गेलेली नाही. ‘ही डझ नॉट रिमेंबर टेकिंग द टॅब्लेट’ म्हणजे घेतल्याचे आठवत नाही. कदाचित घेतलीही असेल. पहिल्या वाक्यावर डॉक्टर कदाचित ‘आता द्या’ म्हणतील. दुसऱ्यावर आणखी चौकशी केल्यावाचून म्हणणार नाहीत, कारण एका दिवसात दोन गोळ्या होण्याचे भय आहे. तसेच ‘स्टॉप टेकिंग’ म्हणजे घेणे बंद करा आणि ‘स्टॉप टु टेक’ म्हणजे घेण्यासाठी थांबा. आपल्या मराठीत ‘घ्यायची आठवण’ आणि ‘घेतल्याची आठवण’ हे भेद लख्ख आहेत. ‘टु’ने क्रिया बहुधा पुढे असते, ‘इंग’ने घडून गेलेली किंवा चालू, येथे तेवढे पुरे.

‘लेट मी गो’ यात ‘टु’ येत नाही आणि ‘आय टोल्ड हिम’ यातही नाही. ‘त्याला’तील ‘ला’ पाहून मुले ‘टोल्ड टु हिम’ म्हणतात. तेवढे टोकावे व पुढे जावे.

राहिला षष्ठीचा दुसरा प्रांत. ‘सीतेने आपला भाऊ पाठविला’ याचे ‘सीता सेंट हिज ब्रदर’ असे भाषांतर आम्ही वर्षानुवर्षे तपासले आहे. ‘आपला’ हा शब्द भावाच्या लिंगाने चालतो व मालकाचे लिंग सांगतच नाही. म्हणून मूल भावाकडे पाहून ‘हिज’ लिहिते. इंग्रजीत मालकाकडे पाहावे लागते, संस्कृतातल्या ‘तस्य’ आणि ‘तस्याः’ यांप्रमाणे. मराठीतील ‘तिचा’ मात्र दोन्ही सांगतो: मालक स्त्री, वस्तू पुल्लिंगी. उर्दूत ‘उसका’ म्हटले की मालक पुरुष की स्त्री हे कळत नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी ‘तिचा’, वर्गात ‘उसका’ आणि इंग्रजीच्या तासाला ‘हर’ अशी तीन षष्ठींची कसरत तेव्हाच्या विद्यार्थ्यांस करावी लागे. उलट, ‘रामाने गोविंदाला आपले पुस्तक दिले’ आणि ‘त्याचे पुस्तक दिले’ हा भेद इंग्रजीतील एकट्या ‘हिज बुक’ला दाखविता येत नाही. तेथे आपली भाषा सरस आहे, हे मुलांस अवश्य सांगावे.

पुढील अंकापर्यंत घरातील मुलांकडून ही वाक्ये करून घ्यावीत; थोरांनीही हात लावण्यास हरकत नाही. आजीला पंढरपूरला जायचे आहे. वन्संना आपल्या मुलीने डॉक्टर व्हावे असे वाटते. तिने आपल्या दिरांना दोन दिवसांची रजा घ्यायला लावली. दार लावायचे मला आठवले नाही. दार लावल्याचे मला आठवत नाही.