फुकुमामे : सौभाग्याचे दाणे

जपानमध्ये फेब्रुवारीच्या आरंभी, बहुधा ३ तारखेस, ‘सेत्सुबुन’ हा सण येतो. तेथील पंचांगाप्रमाणे वसंत लागण्याचा हा आदला दिवस. सायंकाळी घराघरांतून भाजलेले सोयाबीन उधळले जातात. ‘अनिष्ट बाहेर जावो, सौख्य आत येवो’ असा त्या वेळच्या घोषाचा आशय असतो. मग प्रत्येक जण आपल्या वयाइतके दाणे मोजून खातो. या दाण्यांस ‘फुकुमामे’, म्हणजे सौभाग्याचे दाणे, म्हणतात.

दाणा भाजलेलाच हवा, यावर कटाक्ष असतो. कच्चा दाणा कोठे कोपऱ्यात राहून रुजला तर ते अशुभ, अशी तेथील समजूत. भाजलेल्या बीजास अंकुर फुटत नाही, हा दृष्टांत कर्मक्षयाच्या विवेचनातून जैन वाचकांस परिचितच आहे. आहारशास्त्राचे सांगणेही तेच. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. पुरेशा उष्णतेने ते निष्प्रभ होतात. म्हणून या पदार्थात घाई चालत नाही.

वाटीभर सोयाबीन निवडून, धुऊन सकाळी गाळलेल्या पाण्यात ४-५ तास भिजवावे. रात्रभर भिजवण्याचे कारण नाही. मोड तर येऊच देऊ नयेत. दाणे रोवळीत निथळून स्वच्छ फडक्यावर तासभर पसरावे. नंतर जाड बुडाच्या कढईत, तेल न घालता, मंद आचेवर सुमारे अर्धा तास परतत राहावे. आधी वाफ निघते, मग साली तडकतात आणि दाणा तांबूस होऊन खमंग वास सुटतो. एक दाणा गार करून चावून पाहावा. आत मऊ वा कच्चट लागल्यास आणखी भाजावे. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. सकाळी आरंभ केल्यास सूर्यास्तापूर्वी खाऊ सहज तयार होतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक. हे कडक दाणे घशात अडकू शकतात. म्हणून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांस ते देऊ नयेत, अशी सूचना जपानमध्येही दिली जाते. दात नसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी तेथे ‘फुकुचा’ करतात. पेल्यात ३ दाणे घालून वर गरम चहा किंवा पाणी ओततात. ज्यांस ऐंशी दाणे चावणे जमत नाही, त्यांचा सणातील वाटा असा तीन दाण्यांत राखला जातो.