लठ्ठपणा : दोष एकटीचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

लठ्ठ माणूस दिसला की आपण मनातल्या मनात निकाल लावून मोकळे होतो. खादाड, आळशी, मनाचा दुबळा! मित्रहो, हा निकाल मीही लावला आहे, आणि तो माझ्या आईविरुद्ध होता. म्हणून हा लेख.

आई गडचिरोलीकडच्या एका खेड्यातली. रोवणा, मोहफुले वेचणे, तेंदूपत्ता तोडणे, डोईवर सरपणाची मोळी, असे तिचे लहानपण. लग्न होऊन ती चंद्रपूरला आली. वडील कोळसा खाणीत. दारात नळ आला, घरात गॅस आला, मोळी सुटली. ताटातला भाताचा ढीग मात्र तोच राहिला. वजन वाढू लागले तेव्हा माहेरी कौतुकच झाले. "बाई, तब्येत सुधरली तुयी!" ज्या मुलखात उपाशी दिवस काढलेली माणसे अजून हयात आहेत, तिथे भरलेले अंग ही खात्यापित्या घरची खूण. त्या कौतुकाला नावे ठेवण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

पुढे मधुमेह निघाला. दवाखान्यात दोन मिनिटांत सल्ला मिळाला : भात कमी करा, पहाटे फिरा. सल्ला चूक नव्हता. पण आमच्या घरी स्वयंपाक सहा माणसांचा, आई जेवणार सर्वांच्या मागून, आणि अन्न टाकणे तिच्या लेखी पाप. ताटात किती घ्यायचे हे तिची भूक ठरवीत नसे. पातेल्यात काय उरले ते ठरवी. फिरण्याचे म्हणाल तर उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून पहाटच हवी; आणि पहाटेच्या अंधारात वाघाची भीती. (हसू नका. २०२२ साली इथल्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला होता.) तरीही ती निघाली. अंगावर साडी, पायात भावाचे जुने बूट. कोपऱ्यावरची पोरे हसली. मी त्यांच्यावर रागवायला हवे होते. मी आईला म्हटले, "तू मागच्या गल्लीने जात जा." चौथ्या दिवशी ती गेलीच नाही. पोरांचे हसणे तिने सोसले असते. माझे ते वाक्य तिला सोसले नाही, हे मला फार उशिरा कळले.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातील बारा हजारांवर लोकांची ३२ वर्षांची माहिती तपासून ख्रिस्ताकिस आणि फाउलर या अभ्यासकांनी २००७ मध्ये दाखवले की, ज्याचा मित्र लठ्ठ होतो त्याचीही तसे होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. हे मैत्रीमुळे की सारख्या राहणीमुळे, यावर पुढे वाद झाला. पण वजन माणसामाणसांत वाढते, एवढे तरी खरे.

मग ते उतरतेही तसेच का नसावे? नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा जेवणाची मोहीम उभी केली. कडक भुकेच्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांच्या आत जेवण आटोपा, ४५ मिनिटे चाला. त्यातल्या शास्त्राविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून हे करू नये. मला त्यातले दुसरेच काही मोलाचे वाटते. सभागृहे भरली, व्हॉट्सॲपचे गट निघाले, लोक एकमेकांना आपापली वजने सांगू लागले. ज्याची लाज होती तो चारचौघांत बोलण्याचा विषय झाला. आपल्या गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली तीही गावोगावच्या बायका एकत्र उठल्या म्हणून; एकेका दारुड्याला इच्छाशक्तीचे धडे देऊन नव्हे.

आई आता पुन्हा फिरते. गल्लीतल्या तिघी सोबत असतात, सुटीच्या दिवशी मीही. पोरे अजून कोपऱ्यावर असतात, पण चौघींना मिळून हसणे त्यांना जड जाते. पंचाईत होते ती पाहुणचाराची. "डॉक्टरांनी साखर बंद केली" म्हटले की उत्तर ठरलेले, "एका चहानं काय होते!" म्हणून आई आता सांगते, "आज उपास आहे." उपासापुढे कोणी हट्ट करीत नाही. मागच्या महिन्यात मामीने ते ऐकले, काही न बोलता आत गेली, आणि साबुदाण्याच्या उसळीचे भरलेले ताट घेऊन आली.