मचाण पडते ते हेलकाव्याने



ज्वारी निसवून दाणे भरू लागले की पाखरांची राखण आली, आणि राखण आली की मचाण आले. कुणी त्याला माळा म्हणतात. चार खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या नाही तर बांबू. एका दिवसाचे काम म्हणून आपण ते उरकून टाकतो. पण गोफण घेऊन त्यावर उभी राहतात ती आपलीच माणसे, हे उरकताना ध्यानात राहत नाही.

आमच्याच रानातली गोष्ट सांगतो. एका साली मी घाईने मचाण घातले. खांब बाभळीचे, पोटरीहून जाड. तुळया मात्र खांबांच्या अंगाला लावल्या, खिळे ठोकले आणि मोकळा झालो. महिनाभर काही झाले नाही. मग एके दिवशी धाकट्या बहिणीने जोरात गोफण फिरवली, तसे मचाण एका अंगाला कलंडले. तिचे मनगट मोडले. जाऊन पाहतो तो खांब एकही मोडलेला नव्हता. खिळे तेवढे वाकून उपसले होते.

माझ्या चुका दोन. पहिली, सगळे वजन खिळ्यांवर टाकले. ओले लाकूड वाळताना आक्रसते आणि खिळ्याची पकड सुटते. म्हणून तुळईचे वजन लाकडावर पडू द्या, लोखंडावर नको. जुनी माणसे बेचक्याची मेढ निवडून तुळई त्या बेचक्यात बसवीत, त्यात हेच शहाणपण होते. बेचके नसेल तर खांबाच्या माथ्याला तुळई बसेल अशी खाच काढा. ती खांबाच्या निम्म्या जाडीहून खोल नको. मग दोन्हींतून गिरमिटाने आरपार भोके पाडून अर्धा इंच जाडीचे दोन बोल्ट घाला. बोल्ट एकाखाली एक सरळ रेषेत न घालता थोडे तिरके घाला, म्हणजे लाकूड चिरत नाही. दोन्ही अंगांना वायसर हवाच. महिन्याभराने नट पुन्हा आवळा.

दुसरी चूक याहून मोठी. हेलकाव्याचा विचारच केला नाही. वजन सरळ खाली जाते, ते खांब सोसतात. गोफणीचा झटका, वारा, शिडीवरून चढणारा माणूस हे सारे आडवा धक्का देतात. घरी करून पाहा. धाटाचे चार तुकडे घ्या, कोपऱ्यांना बाभळीचे काटे टोचून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला बोट लावा. चौकोन लगेच तिरपा होतो. आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचवा तुकडा टोचा. हलवून दाखवा! त्रिकोण झाला की आकार बदलत नाही.

मचाणालाही तेच करा. खांबावर तुळईच्या अडीच फूट खाली एक टोक आणि तुळईवर खांबापासून अडीच फुटांवर दुसरे, असे तिरके लाकूड बोल्टने आवळा. ज्या दोन बाजूंना तुळई नसेल तेथेही माथ्याला आडवे लाकूड घालून तिरकी द्या. एकाच दिशेला देऊन भागत नाही. मचाण दुसऱ्या दिशेला कलते. लाकडाऐवजी तार लावायची तर फुलीसारखी दोन्ही कर्णांवर लावा, कारण तार ओढू शकते, रेटू शकत नाही.

काळ्या रानात जमीन पावसाने फुगते आणि उन्हाने भेगाळते, तसे खांब सैल होतात. खड्डा तीन फुटांचा घ्या, मुरूम लागला तर उत्तमच. भोवती दगड ठोकून भरा. लाकूड आधी कुजते ते जमिनीच्या पातळीला, म्हणून डांबर जमिनीवर वीतभर येईपर्यंत लावा.

सगळे झाले की पोरांना चढवण्याआधी खांबाला खांदा लावून चारही बाजूंनी रेटून पाहा. हलले तर चढू नका.

बहीण आता माहेरी आली की मचाणावर चढण्यापूर्वी तिरकी लाकडे मोजते. तुम्हीही मोजा. कोपरे चार, तिरकी आठ.