शोकांतिकेतील वीस लुई

क्षयाने मरणासन्न झालेली स्त्री तारस्वरात गाते कशी, हा इटालियन ऑपेरावरील ठरावीक आक्षेप आहे. ज्यांच्या रंगभूमीवर ‘एकच प्याला’तील सिंधूने हालअपेष्टांतही पदे म्हटली, त्यांनी तरी तो घेऊ नये. मात्र ‘नाट्यसंकेत’ एवढे म्हणून भागत नाही. हा संकेत प्रेक्षकाला रडवितो कसा, हा खरा प्रश्न.

व्हेर्दीची ‘ला त्राव्हियाता’ ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात प्रथम झाली आणि साफ पडली. क्षयी नायिकेची भूमिका स्थूल देहाच्या गायिकेकडे होती; प्रेक्षकांना हसू आवरेना. पुढच्याच वर्षी, काही फेरफारांनिशी व निराळ्या गायकांसह, त्याच शहराने ती डोक्यावर घेतली. कागदावरील स्वरलिपीत जे सुप्त असते, ते प्रयोगात जागे होते किंवा मरते.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याचे लक्ष या कथेतील पैशाकडे जाणारच. धनिकांच्या आश्रयावर जगलेली व्हायोलेटा प्रेमासाठी तो आश्रय सोडते आणि घरखर्चासाठी गुपचूप घोडे-गाड्या विकावयास काढते. अल्फ्रेडोच्या बहिणीचा विवाह मोडू नये म्हणून त्याचा पिता तिचा त्याग मागतो. ती तोही देते. अज्ञानी अल्फ्रेडो भर मेजवानीत जुगारात जिंकलेले पैसे तिच्या अंगावर फेकतो. अखेरच्या अंकात ती दासीला शिल्लक विचारते. वीस लुई, म्हणजे सोन्याची वीस नाणी. त्यांतील दहा गरिबांना वाटावयास सांगते. बाहेर कार्निव्हलचा उत्सव चाललेला असतो. हा रोकडा हिशेब आहे म्हणूनच पुढचे गाणे भाबडे वाटत नाही.

मग ती पत्र वाचते, आणि येथे व्हेर्दी तिला गाऊ देत नाही. ती साध्या बोलण्याच्या आवाजात वाचते. खाली तंतुवाद्यांवर जुन्या प्रेमाची धून मंद वाजत राहते. जिथे सगळेच गातात, तिथे साधे बोलणे असह्य होते. त्यानंतरचा क्षीण स्वर ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावयाचा असतो. तो तुटेल या धास्तीने प्रेक्षकही श्वास रोखून बसतो. ध्वनिमुद्रिकेत ही धास्ती नाही.

हाच गुण महागात पडतो. बॉमॉल व बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखविले की, कारखान्यात यंत्राने उत्पादकता वाढते, रंगमंचावर वाढत नाही. १८५३ साली जेवढे वादक लागले तेवढे आजही लागतात, वेतन मात्र सर्वत्र वाढते. २०२३ मध्ये युनेस्कोने इटलीतील ऑपेरागायनाला वारशाच्या यादीत घेतले, पण यादीने कोणाचे वेतन भागत नाही. श्रीमंतांच्या अश्रूंसाठी करदात्याने का द्यावे, हा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याचे उत्तर वादक कमी करणे किंवा गायिकेपुढे ध्वनिक्षेपक ठेवणे हे नव्हे. तसे केल्यास अनुदान वाचेल आणि ज्यासाठी ते द्यावयाचे तेच नाहीसे होईल. अनुदान द्यावे, परंतु वरच्या सज्जातील स्वस्त जागांची संख्या ठरवून, आणि त्या खरोखर विकल्या गेल्या की नाही हे तपासून.