सहलीआधी बुद्धाचे हात ओळखू या

अंबडच्या शाळांतली मुलं सहलीसाठी शंभरेक किलोमीटरवरच्या वेरूळला जातात, तेव्हा सगळी ओढ कैलास लेण्याची असते. मग दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध आहेत. ती पाहिली तर धावतपळत, 'बुद्धाची मूर्ती' एवढंच ऐकून. हे बदलायला हवं. त्यासाठी सहलीआधी वर्गात मुद्रांचा एक तास घेतला तरी पुरे.

दहाव्या, विश्वकर्मा लेण्यात बुद्ध पाय खाली सोडून बसला आहे आणि हात छातीशी आहेत. ही उपदेशाची, म्हणजे धर्मचक्र मुद्रा. तिच्यात उजव्या हाताच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं कडं होतं, डाव्या हाताचं बोट त्याला टेकतं. सारनाथच्या पहिल्या प्रवचनाची ही खूण. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मूर्तीच्या बैठकीवर चक्र आणि हरणंही कोरली आहेत, म्हणजे प्रसंगाचं ठिकाणच शिल्पकाराने सांगून टाकलं.

वेरूळच्या बाराव्या लेण्यात तिसऱ्या मजल्यावर सात-सात बुद्धांच्या दोन रांगा आहेत. पहिल्या नजरेत सगळे सारखेच. हात पाहिले की उलगडा होतो: एका रांगेत ते मांडीवर एकात एक ठेवलेले, म्हणजे ध्यान, दुसरीत उपदेश.

अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात ध्यान मोडू पाहणाऱ्या माराची फौज चहूबाजूंनी चालून येते आणि बुद्धाच्या उजव्या हाताची बोटं फक्त जमिनीकडे झुकतात. आपल्या साधनेला साक्षीदार कोण, या प्रश्नाचं हे उत्तर: ही भूमी.

मुद्रा कळली की मुलं वेरूळची पुढची लेणीही नीट पाहतील. मांडीवर ठेवलेले तेच हात त्यांना बत्तिसाव्या लेण्यात जैन तीर्थंकरांचे दिसतील. तळवा पुढे करून 'भिऊ नको' सांगणारी अभयमुद्रा हिंदू देवतांच्या मूर्तींतही भेटेल. तीन धर्मांचे कारागीर एकाच डोंगरात एकमेकांच्या खुणा वापरत होते, हे धड्यापेक्षा तिथे लवकर पटतं.

१४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यात गावोगावी बुद्धविहार उभे राहिले. विहारातली मूर्ती लहानपणापासून पाहणारी मुलं याच वर्गांत बसतात. तिचे हात कसे आहेत, हे त्यांना फळ्यावर काढून दाखवू द्यावं.

दिवाळीनंतर सहलीची संमतिपत्रं घरी जातात. त्याच आठवड्यात चित्रकलेच्या तासाला चार मुद्रा काढून घ्याव्यात आणि वेरूळला बस थांबल्यावर कैलासाआधी दहाव्या लेण्याकडे वळावं.