पत्ता कोण विचारतंय?

बाळापुरात कोणाचाच पत्ता लपत नाही. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरच्या या गावात कुणाचंही घर विचारा, पानठेल्यावरचा माणूस गल्ली, वळण आणि दारातल्या लिंबासकट सांगेल. फक्त आधी तो तुम्हाला विचारेल, "कोनाकडचे पाव्हने? काय काम काढलं?" उत्तर पटलं नाही तर "मले नाही मालूम" म्हणून सुपारी कातरत बसेल. शिवाय तुम्ही पुढे गेलात की अर्ध्या तासात त्या घरी निरोप पोचलेला असतो, तुमच्याकडे कोणी येऊन राहिलं म्हणून!

म्हणून पुतण्या मला हसतो. "आत्या, तुझा पत्ता अख्ख्या गावाला ठाऊक. तो मोबाईल नंबरावरून निघाला तर बिघडलं काय?" (हे तोही वाचणार आहे, वाचू दे.) मंडळी, मुद्दा पत्ता लपवण्याचा नाहीच मुळी. पूर्वी विचारणाऱ्याला आपलं तोंड दाखवावं लागत होतं. आता लागत नाही.

आमच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असायचं. त्यात मुलीचं नाव, जन्मतारीख, जात, वडील, गाव, सगळं. मार्च संपला की स्थळं बघणारी माणसं हमखास शाळेत यायची. "बाई, अमुक मुलगी तुमच्याकडे होती ना, तिचं घर कुठं?" आमच्या मुख्याध्यापिका त्यांना चहा द्यायच्या, पण रजिस्टर कपाटातच राहायचं. तो पत्ता शाळेसाठी दिलेला आहे, लग्नासाठी नाही, असं त्या म्हणत. त्या काळी कायदा कुठे होता? पण तारतम्य होतं.

टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीत तर पत्ते छापलेलेच असत. पण ती नावावरून लावलेली. नाव ठाऊक असेल तर नंबर मिळे. नुसत्या नंबरावरून नाव शोधायचं तर पानं उलटता उलटता डोळे जायचे. मतदार यादीही सर्वांसाठी खुली असते, त्यात घर क्रमांक, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वयही असतं. ती खुली हवीच, नाहीतर बोगस नावावर हरकत कोण घेणार? पण तिच्यात फोन नंबर नसतो. म्हणजे प्रत्येक यादी आपापल्या कामापुरती होती आणि आपापल्या कपाटात होती.

आता सगळ्या याद्या एकमेकींना जोडता येतात. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर एक बॉट सापडला. नंबर टाकला की कोविडची लस घेतलेल्याचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, लस घेतल्याचं केंद्र, असं बाहेर येई. कोविनवरची माहिती सुरक्षित आहे असं सरकारने सांगितलं. पुढे दिल्ली पोलिसांनी बिहारमधल्या एकाला अटक केली. आपल्याकडे २०१८ साली ठाणे पोलिसांनी मोबाईलच्या कॉल नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून खासगी गुप्तहेरांना पकडलं होतं. आणि २०२५ च्या शेवटी तर नंबरावरून नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता दाखवणाऱ्या एका वेबसाईटचीच बातमी आली. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुमचे हात शिवशिवतील!

"ज्याला लपवायचं नाही त्याला भीती कशाची" असं म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, असं माझं निरीक्षण आहे.

माझी एक विद्यार्थिनी आहे. नवरा मारायचा, म्हणून लेकराला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेली. नवं सिम घेतलं. तो नंबर कुठल्याशा ग्रुपवरून नवऱ्यापर्यंत गेला आणि आठ दिवसांत तो खोलीच्या दारात उभा. शेजारणी धावून आल्या म्हणून निभावलं. पत्ता कसा काढला, तर "नंबर असला की सगळं निघते" एवढंच तो बोलला. तिने पुन्हा गाव बदललं. आता ती पत्ता कुठे म्हणजे कुठेच नोंदवत नाही. आधारवर जुनाच आहे. लेकराला आरटीईतून चांगल्या शाळेत घालावं तर रहिवासाचा पुरावा मागतात, भाडेकरू असाल तर नोंदणीकृत भाडेकरार. करार नोंदवला की पत्ता आणखी एका यादीत गेला! तिने अर्जच भरला नाही. नवऱ्याच्या हाती न लागण्याची किंमत ते लेकरू शाळा गमावून देतंय, आणि आपण विचारतो, बिघडलं काय?

हे इथलंच दुखणं आहे असंही नाही. १९८९ साली लॉस एंजलिसमध्ये रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीला एका माथेफिरूने तिच्या घराच्या दारात गोळी घातली. तिचा पत्ता त्याने गुप्तहेरामार्फत वाहन परवाना खात्याच्या नोंदीतून मिळवला होता. १९९४ मध्ये अमेरिकेने त्या नोंदींपुरता कायदा केला.

आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. ते प्रकरण नेणारे पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायमूर्ती, आणि न्यायालयात गेले ते ऐंशी ओलांडल्यावर. (निवृत्तांनी गप्प बसावं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या. दंड अडीचशे कोटींपर्यंत. पण दंड होईल तो माहिती सांभाळणाऱ्याला. पत्ता एकदा बाहेर पडला की माझ्या विद्यार्थिनीला त्या अडीचशे कोटींचा काय उपयोग?

मला हवं आहे ते फार साधं आहे. बँकेतून शंभर रुपये निघाले तरी एसेमेस येतो. आपला आधार क्रमांक पडताळणीसाठी कधी वापरला गेला, याची गेल्या सहा महिन्यांची यादीही आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. मग मोबाईल कंपनीत, सरकारी दप्तरात माझा पत्ता कोणी उघडून पाहिला तर त्याचं नाव मला का कळू नये? पानठेल्यावाला जे फुकट करतो, तेवढंच मागतेय. पोलिसांचा तपास असेल तर सहा महिन्यांनी कळवा, चालेल.